स्टुडिओ विकला, मग गेम कुणाचा?

15 सप्टेंबर 2014 रोजी मायक्रोसॉफ्टने स्टॉकहोममधली मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर केलं. मोजांगकडे जगाला ठाऊक असलेला गेम एकच होता, माइनक्राफ्ट. खणायचं, दगडमाती गोळा करायची, ठोकळ्यावर ठोकळा रचून हवं ते उभं करायचं, एवढाच त्याचा खेळ. त्याचा कर्ता मार्कस पेर्सन, म्हणजे खेळाडूंचा ‘नॉच’, याने त्याच दिवशी निरोपाचं पत्र लिहिलं. आपण पैशासाठी नव्हे, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून निघालो आहोत, असं त्यात होतं. पुढे आणखी एक गोष्ट होती: कायद्याने माइनक्राफ्ट आता मायक्रोसॉफ्टचा होईल, पण त्याहून मोठ्या अर्थाने तो केव्हाचाच खेळणाऱ्यांचा झालेला आहे आणि त्यात कधीच बदल होणार नाही.

अब्जाधीश होता होता असं औदार्य दाखवायला काय जातं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरून ते विधान गंभीरपणे घेतलं तर प्रश्न अवघड आहे. एकाच वस्तूवर दोन अर्थांनी दोघांचा हक्क असू शकतो का? आणि असेल, तर त्यातल्या एकाने ती विकली तेव्हा दुसऱ्याच्या हक्काचं काय होतं?

गंमत म्हणजे ही काळजी नॉचने स्वतः केली होती, तीही विक्रीच्या सहाच महिने आधी. ऑक्युलस या आभासी वास्तवाचा हेडसेट बनवणाऱ्या छोट्या कंपनीने 2012 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून सुमारे 24 लाख डॉलर उभे केले होते. त्यातले दहा हजार नॉचचे होते. मार्च 2014 मध्ये फेसबुकने ऑक्युलस दोन अब्ज डॉलरना घेतली आणि नॉचने माइनक्राफ्ट त्या हेडसेटवर आणण्याची बोलणी तडकाफडकी थांबवली. आपण पैसे दिले ते एखाद्या कंपनीची विक्रीची किंमत वाढावी म्हणून नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. मार्चमधला वैतागलेला वर्गणीदार आणि सप्टेंबरमधला विक्रेता एकच. याला कुणी ढोंग म्हणेल. पण देणाऱ्याच्या जागेवरून जे स्पष्ट दिसतं ते मालकाच्या जागेवरून दिसेनासं होतं, याचा याहून चांगला पुरावा मिळणं कठीण आहे.

मालक बदलला की आपला गेम हातचा जाईल, ही खेळाडूंची भीती हवेतली नाही. मे 2019 मध्ये एपिक या मोठ्या गेम कंपनीने रॉकेट लीग हा गेम बनवणारा सायोनिक्स हा स्टुडिओ घेतला. मार्च 2020 मध्ये मॅक आणि लिनक्सवरचा ऑनलाइन खेळ बंद झाला. सप्टेंबरमध्ये गेम मोफत झाला आणि त्याच वेळी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात नव्या खेळाडूंना मिळेनासा झाला. माइनक्राफ्टचं उदाहरण अधिक बोलकं आहे. 2009 पासून ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांना जुनं मोजांग खातं मायक्रोसॉफ्टच्या खात्यात हलवण्याची सक्ती झाली. 2023 मध्ये मुदत संपली. ज्यांनी ते केलं नाही, त्यांच्यासाठी विकत घेतलेल्या गेमचं दार बंद झालं.

इथे पहिला घोळ स्टुडिओ म्हणजे काय, हाच आहे. राजा मिलिंद रथातून भेटीला आला तेव्हा भिक्षू नागसेनाने त्याला विचारलं होतं, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. यातलं काहीच नाही. रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा वाद टोकियोच्या टँगो गेमवर्क्स या स्टुडिओबाबत अक्षरशः घडला. काटेकोरपणे बोलायचं तर टँगो स्वतंत्र उरला नव्हताच. 2010 मध्ये शिंजी मिकामी यांनी तो काढला आणि त्याच वर्षी तो झेनिमॅक्स या कंपनीकडे गेला. 2021 मध्ये झेनिमॅक्ससकट मायक्रोसॉफ्टकडे. जानेवारी 2023 मध्ये त्याचा हाय-फाय रश आला. संगीताच्या ठेक्यावर मारामारी करायला लावणारा हा गेम गाजला, त्याला बाफ्ता पुरस्कार मिळाला, आणि मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद करत असल्याचं सांगितलं. ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने टँगोचं नाव, हाय-फाय रशचे हक्क आणि काही माणसं घेतली. द इव्हिल विदिन हा टँगोचा पहिला गेम मात्र मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. संस्थापक मिकामी त्याआधीच निघून गेले होते. आता टँगो कुठे आहे?

नागसेनाचं उत्तर अनात्मवादी आहे: टँगो नावाचं काही आत दडलेलं नव्हतंच, तेव्हा हरवलं असं काही नाही. खेळाडूला हे पटत नाही, आणि त्याचं न पटणं अडाणीपणाचं नाही. भाग तेच असले तरी ते कशासाठी जुळले होते, हे बदलू शकतं. रथ प्रवासासाठी जुळतो, तोच शोभेसाठीही जुळवता येतो. खेळाडू ज्याला स्टुडिओ म्हणतो ते बहुतेक वेळा या हेतूचं नाव असतं. कायद्याच्या कागदावर त्यासाठी रकाना नाही.

दुसरा प्रश्न श्रमाचा. तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मते माणूस निसर्गातल्या वस्तूत आपले कष्ट मिसळतो तेव्हा ती त्याची होते. हे मान्य केलं तर माइनक्राफ्टमध्ये मुलांनी रचलेली शहरं आणि हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले, गेममध्ये भर घालणारे मॉड कुणाचे? रॉबर्ट नोझिकने 1974 मध्ये लॉकला खवचट प्रश्न टाकला होता: टोमॅटोच्या रसाचा डबा समुद्रात ओतला तर समुद्र माझा झाला, की मी माझा रस फुकट घालवला? मोठ्या कंपनीचा वकील काही वेगळं म्हणत नाही. तुम्ही तुमचे तास आमच्या समुद्रात ओतलेत, आभारी आहोत.

बकिटच्या लोकांना हे फार उघडपणे ऐकावं लागलं. माइनक्राफ्टचे असंख्य सर्व्हर ज्या आज्ञावलीवर चालत ती बकिट स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं फुकट लिहिली होती. ऑगस्ट 2014 मध्ये तिच्या व्यवस्थापकाने काम थांबवण्याचं ठरवलं, तेव्हा मोजांगने सांगितलं की बकिट 2012 पासून आमच्याच मालकीचं आहे. लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना याचा पत्ताच नव्हता. त्यांच्यातल्या एकाने आपल्या ओळींवरचा कॉपीराइट पुढे करून वाटप थांबवलं. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टची घोषणा झाली. म्हणजे ज्याला आपण छोटा, आपला, स्वतंत्र स्टुडिओ म्हणतो तोही मालकासारखाच वागत होता. मोठ्या कंपनीच्या आगमनाने पाप सुरू होतं, हा समज इथे टिकत नाही.

मग हक्काची भाषा सोडून द्यायची? लॉक आणि नोझिक दोघांकडेही वस्तू एक तर माझी किंवा माझी नाही. भारतीय न्यायालयांना मात्र तिसऱ्या प्रकारच्या वस्तूची फार पूर्वीपासून सवय आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात पूर्वजाने स्थापन केलेली एक देवमूर्ती होती आणि पूजेची पाळी वंशजांत वाटलेली होती. आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी हलवता येईल का, यावरून भांडण लागलं आणि ते थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं. 1925 च्या निकालात न्यायमूर्तींनी सांगितलं, की मूर्ती ही उचलून नेण्याची जंगम मालमत्ता नव्हे. ती कायद्याने व्यक्ती आहे, सेवेकरी तिचा मालक नाही, आणि तिने कुठे राहावं याबाबत तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे. ती इच्छा मांडायची कुणी? ज्याचा यात स्वार्थ नाही अशा तिऱ्हाईत हितचिंतकाने. शिवाय घरातल्या ज्या स्त्रियांना पूजेपलीकडे कुठला अधिकार नव्हता, त्यांचंही म्हणणं ऐकलं जावं अशी सोय न्यायालयाने सुचवली.

माइनक्राफ्ट देव नाही आणि त्याचे खेळाडू वारकरी नाहीत. तुलना इथे थांबवलेली बरी. पण त्या निकालातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. भक्ताला मूर्तीची मालकी मिळाली नाही, मिळायलाही नको. मिळाला तो ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. आणि सेवेकऱ्यावर आलं ते कर्तव्य, मग त्याचा स्वभाव भला असो वा नसो.

हे शेवटचं महत्त्वाचं, कारण चांगले खरेदीदारही असतात. टिम शेफर यांचा डबल फाइन 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. पैशाअभावी सायकोनॉट्स 2 मधून काढून टाकावे लागलेले मोठ्या खलनायकांचे सामने त्या पैशाने परत आले आणि 2021 मध्ये गेम दिमाखात बाहेर पडला. स्वातंत्र्याच्या नावाने उपाशी राहिलेला स्टुडिओ कुणाच्याच कामाचा नसतो. विकणाऱ्यालाही थकण्याचा अधिकार आहे. नॉचवर त्याच्याच चाहत्यांनी इतकी आगपाखड केली होती, की त्याचं निघून जाणं समजू शकतं. प्रेमाच्या नावाखाली कर्त्याला वेठीला धरणारा खेळाडू हा या गोष्टीतला दुसरा लोभी माणूस आहे.

क्राफ्टनकडे पाहिलं तर मुद्दा आणखी उघड होतो. टँगोला जीवदान देणारी हीच कंपनी. 2021 मध्ये तिने सबनॉटिका बनवणारा अननोन वर्ल्ड्स 50 कोटी डॉलरना घेतला आणि ठरलेली उद्दिष्टं गाठली तर आणखी 25 कोटींपर्यंत देण्याचं कबूल केलं. जुलै 2025 मध्ये तिने त्याच स्टुडिओच्या प्रमुखांना काढलं आणि सबनॉटिका 2 पुढे ढकलला. ती रक्कम टाळण्यासाठी हे केलं, असं म्हणत संस्थापक डेलावेअरच्या कोर्टात गेले. त्यांनीच कामाकडे दुर्लक्ष केलं, असं क्राफ्टनचं म्हणणं होतं. या खटल्यात विकणारे होते, घेणारे होते. वर्षानुवर्षं सबनॉटिकाच्या समुद्रात बुड्या मारणारा खेळाडू कुठल्याच बाकावर नव्हता. क्राफ्टन सज्जन की दुर्जन, हा प्रश्नच चुकीचा आहे. एकच कंपनी वर्षभराच्या अंतराने एका स्टुडिओची तारणहार ठरते आणि दुसऱ्याच्या संस्थापकांची प्रतिवादी. खेळाडूच्या हाती तिच्या मर्जीपलीकडे दोन्ही वेळा काहीच नसतं.

पुण्यातही हे येऊन पोचलं आहे. रिअल क्रिकेट हा मोबाइलवरचा गेम बनवणारी पुण्याची नॉटिलस मोबाइल 2025 च्या मार्चमध्ये क्राफ्टनच्या ताब्यात आली; नियंत्रक हिश्शासाठी सुमारे 118 कोटी रुपये मोजले गेले. लोकलमध्ये, वसतिगृहात, हापिसच्या मधल्या सुट्टीत तो खेळणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारायचं कुणी आणि कुठल्या नियमाने?

नियम मागण्याची सुरुवात युरोपात झाली आहे. 2024 मध्ये युबिसॉफ्टने द क्रू या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे देऊन घेतलेला गेम एकट्याने खेळणंही अशक्य झालं. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. तिची मागणी मालकीची नाही, नफ्यात वाट्याचीही नाही. गेम सोडून जाताना तो खेळता येईल अशा अवस्थेत ठेवून जा, एवढंच ती सांगते. सेवेकऱ्याकडून यापेक्षा कमी काय मागायचं? युरोपीय आयोगाला दखल घेणं भाग पाडणारा दहा लाख सह्यांचा टप्पा या मोहिमेने जुलै 2025 मध्ये ओलांडला.