हलका हात

चाळिशी ओलांडली की माणसाला एखादा छंद लागतो म्हणतात. मला आजोबांचा वस्तरा लागला. म्हणजे हनुवटीला.

सालेकसा हे हावडा-मुंबई लोहमार्गावरचं गाव. सगळ्याच गाड्या इथं थांबत नाहीत. बदलीचे हुकूम मात्र न चुकता थांबतात. तशाच एका हुकमानं मी बँकेत कारकुनी करायला इथं उतरलो. संध्याकाळ रिकामी. ट्रंकेच्या तळाशी वस्तरा आणि निसणा सापडला. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. भांडवल जास्त तर नफा जास्त, एवढंच शिकलेला. तेव्हा निसण्यावर पाणी शिंपडलं आणि अंगातलं सगळं बळ लावून आठवडाभर घासलं. धार लागेना, बोथटपणा मात्र चक्रवाढ व्याजानं वाढला.

शेवटी वस्तरा घेऊन बाजारातलं केशकर्तनालय गाठलं. हल्ली तिथंही अर्धं ब्लेड अडकवलेला वस्तरा चालतो. गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलायचं. ते बरंच आहे. पण म्हाताऱ्या मालकांची उमेद धार लावण्यात गेलेली. त्यांनी पातं उजेडात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“काहून दाबता जी बाबूजी? वस्तऱ्याले सोताचं वजन हाय ना!”

मग त्यांनी दाखवलं. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेली. जाताना धार पुढं. वळताना पातं पाठीवर उलटायचं. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलटं, पाठ पुढं. धारेजवळचं पोलाद अगदी पातळ. दाबलं की वाकतं आणि कडेला बारीक तार उभी राहते. बोटाला तीच धार वाटते. खरं काय ते गालाला कळतं.

“म्हणजे दाबायचंच नाही?”

“खाच असन तर पहिले थोडं दाबा. मंग हलकं, मंग आखीन हलकं. पन उचलू नोका.”

हलकं धरणं आणि सोडून देणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे मला चाळिशीनंतर, आणि तेही न्हाव्याच्या दुकानात कळलं. तोवर जोर लावला म्हणजे काम झालं, अशीच माझी समजूत. वरचं ऑफिस मॅनेजरला दाबतं, मॅनेजर मला. माझ्याखाली कोणीच नाही. म्हणून मी लोकांचे अंगठे दाबतो.

हे विनोदानं म्हणत नाही. मागच्याच महिन्यात निराधार योजनेचे पैसे काढायला एक आजी आल्या होत्या. मी त्यांचा अंगठा पकडून कागदावर असा रेटला, की ठशाऐवजी शाईचा डाग पडला. तीन स्लिपा वाया गेल्या. मी खेकसलो. त्यांनी अंगठा पदराला पुसला. “रोवणीत झिजला जी. माफ करजा,” म्हणाल्या. अंगठा त्यांचा, जोर माझा आणि माफी त्यांची! हा हिशेब कुठल्या खतावणीत बसतो, ते मला अजून सापडलेलं नाही.

या महिन्यात त्या पुन्हा आल्या. हात पदराखालीच. मी म्हटलं, “आजी, तुम्हीच टेकवा.” मी नुसता कागद धरला.

ठसा फिका आला, पण रेषा दिसल्या. इतक्या वर्षांच्या रोवणीतून उरलेल्या, मोजता येतील एवढ्याच.

मॅनेजर म्हणाले, “जरा दाबून घ्या हो.”

मी हनुवटीवरची पट्टी चाचपली आणि म्हटलं, “नको साहेब. लागतं.”