बदल आणि निष्ठा



श्रद्धेच्या बाबतीत आपल्या धर्मग्रामात दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "सगळं बदलत चाललंय, पूर्वीची श्रद्धा राहिली नाही." तरुण म्हणतात, "काहीच बदलत नाही, तेच ते चाललंय." दोघांच्याही बोलण्यात तळमळ आहे. आणि दोघांच्याही बोलण्यामागे खरे पाहता एकच प्रश्न उभा आहे : श्रद्धेत बदल करणारा माणूस निष्ठा सोडतो का? आणि काहीच न बदलणारा माणूस तेवढ्यानेच निष्ठावंत ठरतो का?

आपल्यातील सत्तरी ओलांडलेल्यांना लॅटिन मिस्सा आठवत असेल. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत आणि बाकांवर बसलेल्या आयाबाया आपली रोझरी म्हणत. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत मातृभाषेला वाट करून दिली. पुढे वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली, तेव्हा कितीतरी जणांना चुकल्यासारखे वाटले. आज कोणी मराठी मिस्सा बंद करू म्हटले, तर आपण सारे हळहळू. एका पिढीने बिचकत स्वीकारलेला बदल दुसऱ्या पिढीची परंपरा झाला. भाषा बदलली, पण वेदीवर येणारा प्रभू तोच राहिला. म्हणजे श्रद्धेत एक गाभा असतो आणि एक पेहराव असतो. पेहरावालाच गाभा समजणे ही एक चूक, आणि पेहराव बदलताना गाभाही टाकून देणे ही दुसरी.

पण प्रश्न केवळ रीतिरिवाजांचा नाही. माणसाची खातरीच बदलली तर काय? इथे आपल्याला संत जॉन हेन्री न्यूमन यांच्याकडे पाहता येईल. १८०१ साली लंडनमध्ये जन्मलेले न्यूमन अँग्लिकन धर्मगुरू होते. ऑक्सफर्डमध्ये त्यांचा मोठा लौकिक होता; त्यांची प्रवचने ऐकायला विद्यार्थी गर्दी करीत. १८३९ च्या उन्हाळ्यात ख्रिस्तसभेच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करताना त्यांच्या मनात प्रथम शंका आली : आपण उभे आहोत ती जागा बरोबर आहे ना?

शंका आली म्हणून ते दुसऱ्या दिवशी उठून निघाले नाहीत. त्यांनी अभ्यास केला, प्रार्थना केली, वाट पाहिली. १८४२ साली ते जवळच्या लिटलमोर गावात साधेपणाने राहू लागले आणि १८४३ साली त्यांनी सेंट मेरीज चर्चची जबाबदारी सोडली. ऑक्टोबर १८४५ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, डॉमिनिक बार्बेरी या इटालियन धर्मगुरूंच्या हस्ते त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्याची किंमतही त्यांनी मोजली. ऑक्सफर्डमधले पद गेले, जिवाभावाचे मित्र दुरावले, सख्ख्या बहिणीने संबंध तोडले. कॅथलिकांमध्येही बरीच वर्षे त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. पुढे १८७९ साली ते कार्डिनल झाले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांना संतपद मिळाले. त्याच दिवशी, त्याच सोहळ्यात, केरळच्या मरियम थ्रेसिया यांनाही मिळाले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले.

न्यूमन यांनी १८७० साली श्रद्धेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दोन प्रकारच्या संमतीतला फरक दाखवला आहे. एक संमती विचारापुरती असते. ती डोक्यात राहते. दुसरी संमती खरीखुरी असते. ती माणसाच्या काळजाला भिडते आणि त्याला पाऊल उचलायला लावते. आग भाजते हे वाक्य मान्य असणे वेगळे आणि हात भाजलेल्याने ते जाणणे वेगळे. आपल्यापैकी पुष्कळांची श्रद्धा पहिल्या प्रकारची असते. लहानपणी स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या वतीने धर्मपिता-धर्ममातेने उत्तरे दिली. ते मोठेच देणे होते. पण वयाच्या चाळिसाव्या वर्षीही आपली उत्तरे दुसरेच कोणी देत असतील, तर त्या देण्याचे आपण काय केले?

खातरी कोणाकडून उसनी घेता येत नाही, अगदी नवऱ्याकडूनही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागोमाग तो घेतला नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र संसार सुरू झाल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सांभाळले. स्वतःला पटले तेव्हाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ती दोघे आपल्या कॅथलिक पंथातली नव्हती, तरी या बाबतीत ती आपल्यालाही काही शिकवतात.

आता एक अवघड गोष्ट. न्यूमन यांच्या बदलाचे आपण कौतुक करतो, कारण ते आपल्याकडे आले. पण आपल्याच घरातला मुलगा दुसऱ्या एखाद्या प्रार्थनागटात जाऊ लागला किंवा रविवारी मिस्सेला यायचा थांबला, की आपली भाषा बदलते. "लोक काय म्हणतील?", "लग्न कोण लावील?", "आजीच्या जिवाला किती लागलंय!" असे आपण म्हणतो. यात सत्याचा प्रश्न कुठेच नसतो. ७ डिसेंबर १९६५ रोजी त्याच व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयी घोषणा केली आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, असे सांगितले. सगळे मार्ग सारखेच, असा याचा अर्थ नाही. सत्याचा शोध घेणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, हेही तीच घोषणा सांगते. ख्रिस्तसभेत आपल्याला सत्य लाभले आहे, असे आपण मानतो. म्हणूनच ते दडपणाने लादायची गरज नाही. त्या मुलाला शांतपणे विचारू या, "तुला काय सापडलं? आमच्याकडे काय मिळालं नाही?" त्याचे उत्तर कदाचित आपल्याला बोचेल. तरी ते ऐकून घेऊ या.

आणि त्या तरुणालाही आपण तितक्याच प्रेमाने विचारू या : हा बदल सत्यासाठी आहे की सोयीसाठी? यासाठी तू किती दिवस प्रार्थना केलीस, किती वाचलेस, कोणाशी बोललास? यात तुला काही सोडावे लागले, की नुसती रविवारची सकाळ मोकळी झाली? सदसद्विवेकबुद्धी म्हणजे मनाची लहर नव्हे. ती आपल्याला पुष्कळदा नको असलेल्या वाटेनेच नेते. मात्र हेच प्रश्न न बदलणाऱ्यांनीही स्वतःला विचारले पाहिजेत. आपण इथे आहोत ते खातरीने, की सवयीने?

शेवटी प्रेमाची कसोटी उरते. न्यूमन यांचे मित्र प्यूसी आणि केबल अँग्लिकनच राहिले. १८६५ साली, तब्बल वीस वर्षांनंतर, हे तिघे केबल यांच्या घरी पुन्हा भेटले. कोणी आपली खातरी सोडली नव्हती, आणि मैत्रीही मेली नव्हती. खऱ्या खातरीला दुसऱ्याचा द्वेष करण्याची गरज पडत नाही.

प्रेषितांचा विश्वासांगीकार आपण सारे एका सुरात म्हणतो, पण तो एकवचनात आहे. शेजारी उभ्या असलेल्याचा विश्वास त्याने सांगायचा आणि आपला आपण. येत्या रविवारी तो म्हणताना प्रत्येक ओळीवर क्षणभर थांबू या. जी ओळ अजून आपली झालेली नाही, ती घरी घेऊन जाऊ या आणि आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना करू या. पवित्र आत्मा आपल्याला बदलण्याचे धैर्य आणि टिकून राहण्याचे बळ देवो.