दीडनंतर या

दसऱ्यात म्हैसूरला जायचं तर खोली महिनाभर आधी धरून ठेवावी लागते, हे मला उशिरा सुचलं. राजवाड्याच्या आसपास काही मिळेना. मिळाली ती हेब्बाळमध्ये. बंगळुरातलं हेब्बाळ वेगळं. हे म्हैसूरच्या वायव्येला, कारखान्यांच्या वसाहतीचं. जवळच इन्फोसिसचं भलंमोठं प्रशिक्षण केंद्र आहे आणि एक तलाव आहे. बाहेरगावचा माणूस इथे उतरतो तो झोपण्यापुरता. सकाळी उठून तो शहरात जातो.

बरोबर आई होती. ती पंचाहत्तरीची, जन्म निपाणीचा. मी कन्नड पुस्तकांचे मराठी अनुवाद करते, पण बाजारातलं आणि चुलीपुढचं कन्नड तिचंच चांगलं. पहिल्या दिवशी आम्ही रीतसर नजरबादेत मैलारीचा डोसा खाल्ला. मंडी मोहल्ल्यातल्या हनुमंतूच्या पुलावाबद्दल ऐकलं होतं, पण आई मांसाहार करत नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘आता मला जेवण हवंय. रांग नको.’

परक्या गावात साधं, चांगलं जेवण शोधण्याची माझी एक युक्ती आहे. रिक्षावाल्याला ‘चांगलं कुठे मिळतं?’ असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला तो पाहुण्याला शोभेल असं उत्तर देतो, दिवे-पडदे असलेल्या जागेचं. विचारायचं, ‘नीवु एल्लि ऊट माडतीरा?’ तुम्ही कुठे जेवता? मग तो जरा थांबतो, आपल्याकडे बघतो आणि खरं सांगतो. बाकीच्या खुणा सगळ्यांना ठाऊक असतात. फळ्यावर चारच पदार्थ असावेत. स्वयंपाक दुपारी कधीतरी संपत असावा. मालकाच्या घरचं माणूस तिथेच जेवत असावं. आईची खूण वेगळी आहे. ती आधी हात धुवायची जागा बघते.

रिक्षावाल्याने आम्हाला वसाहतीच्या मागच्या गल्लीत सोडलं. घराचीच पुढची खोली, चार टेबलं, खडूने लिहिलेला फळा. नाचणीचा मुद्दे, बस्सारु, पल्य, भात, ताक. साठ रुपये. वाढणारी बाई आईला म्हणाली, ‘बन्नी अम्मा, कूतकोळ्ळी.’ आईने मुद्द्याचा तुकडा सारात बुडवून न चावता गिळला, तशी ती बाई खूश झाली. एका बाजूला वांगी भाताचं पातेलं होतं. मी आईला म्हटलं, बघ, कन्नडमध्ये वांग्याला बदनेकायी म्हणतात, पण भातात शिरलं की ते आपलं वांगी होतं. कोसंबरी आपली कोशिंबीर, आणि उत्तर कर्नाटकातली खानावळी आपली खानावळ. हॉटेल या शब्दाचं तर दोन्ही भाषांनी एकच केलं, राहण्याची जागा सोडून खाण्याची जागा. आई म्हणाली, ‘जेव आधी.’

जेवण फार चांगलं होतं. मी फोटो काढले, पुण्याच्या मैत्रिणींना पाठवले. ‘नाव कळव, पत्ता कळव’ असे निरोप आले. म्हटलं, उद्या कळवते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पावणेएकला गेलो. आयुधपूजेला दोन दिवस होते, कारखाने चालू होते. चारही टेबलं भरलेली, एका टेबलावर आम्ही दोघी. आईचे दात कमी, ती सावकाश जेवते. मी वाढणाऱ्या बाईंना बस्सारुची कृती विचारत होते. त्याही हातातली पळी तशीच धरून सांगत होत्या. दाराशी गळ्यात ओळखपत्र घातलेला पंचविशीचा मुलगा उभा होता. त्याने एकदा घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं. काही बोलला नाही. थोड्या वेळाने ताट घेऊन तो बाहेरच्या पायरीवर बसला, भराभर चार घास गिळले आणि अर्धा भात तसाच ठेवून गेला.

आईने ते पाहिलं होतं. परत जाताना म्हणाली, ‘त्याला घाई होती. आपल्याला नव्हती.’

त्यावर मला उत्तर देता आलं नाही. आम्ही पैसे दिले होते, कुणाला उठवलं नव्हतं. बसणं हा आमचा हक्क होता, आणि या हक्काचा इतिहास काही लहान नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा प्यायला कोण येणार, असा प्रश्न होता. शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये हॉटेलं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. कुणीही यावं आणि बसावं, एवढ्यासाठी या देशात राजाला चहा प्यावा लागला आणि कायदा लिहावा लागला. तेव्हा मी बाहेरची आहे म्हणून मी तिथे जाऊच नये, हे मला पटत नाही. ‘हे आमचं, ते तुमचं’ हीच तर जुनी रीत.

पण महाराज तिथे थांबले ते गंगारामचं गिऱ्हाईक वाढावं म्हणून. मी बसले होते माझी सुट्टी छान जावी म्हणून. दार सगळ्यांना उघडं असणं ही एक गोष्ट. उघड्या दारातून आत गेल्यावर मी किती जागा आणि किती वेळ व्यापते, ही दुसरी. तिथे कायदा काही सांगत नाही. त्या मुलाकडे जेवायला अर्धा तास होता. माझ्याकडे अख्खी दुपार होती, आणि मी ती त्याच्या अर्ध्या तासात खर्च केली.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती जास्त टोचली. निघताना बाईंनी मला कौतुकाने सांगितलं होतं की दिवाळीनंतर खोलीला टाइल्स बसवायच्या आहेत, ग्रॅनाइटची टेबलं सांगितली आहेत, बाहेर रंगीत बोर्ड लागणार आहे. मी ‘छान’ म्हटलं आणि मनात वाईट वाटलं. म्हणजे पुढच्या वेळी इथे ती मजा नसणार. आता विचारावंसं वाटलं, कोणती मजा? खडूचा फळा ही मला आवडलेली गोष्ट. त्यांच्यासाठी तो फळा म्हणजे बोर्डाला न जमलेले पैसे. ‘साधं’ हा शब्द मी वापरते, त्यांनी तो एकदाही वापरला नव्हता. त्यांच्या दृष्टीने ते जेवण होतं. साधं हे मधल्या काळात भरजरी जागांतून जेवून आलेल्या माणसाचं विशेषण आहे. जिथे रोज जेवायचं तिथे टाइल्स पुसायला सोप्या असतात, एवढा विचार माझ्या मनात आला नाही.

अनुवाद करताना हा मोह मी ओळखते. खेड्यातल्या पात्राचं बोलणं मराठीत आणताना ते मुळापेक्षा जास्त ओबडधोबड करावंसं वाटतं, कारण तसं ते ‘अस्सल’ वाटतं. मूळ भाषेत तो माणूस फक्त बोलत असतो. त्याची भाषा त्याला रांगडी वाटत नाही. तौलनिक साहित्याच्या वर्गात यावर आम्ही तासन्तास बोललो होतो. पुढ्यात ताट आल्यावर मला त्यातलं काही आठवलं नाही.

मग पत्त्याचं काय करायचं? एक विचार असा आला की कळवूच नये. चार मैत्रिणी येतील, त्या आणखी चाळीस जणींना सांगतील, आणि तो मुलगा रोज पायरीवर बसेल. हा विचार उदात्त वाटला, म्हणूनच मी त्याच्याकडे पुन्हा बघितलं. गुपित ठेवून मी नेमकं कुणाचं भलं करणार होते? ग्रॅनाइटच्या टेबलांना पैसे लागतात. ती जागा अप्रसिद्ध राहावी असं त्या बाईंनी मला सांगितलं नव्हतं. न सांगणं म्हणजेही ती जागा माझी आहे असं धरून चालणं. मूळ लेखकाला न विचारता, हे पुस्तक परक्यांना कळणार नाही म्हणून अनुवादच करू नये, असं म्हणण्यासारखं.

मी आईला हे सगळं सांगितलं. ती औषधाच्या गोळ्या मोजत होती. म्हणाली, ‘अगं, मग तिलाच विचार ना.’

सकाळी दहाला, गर्दीच्या आधी, एकटीच गेले. बाई पालेभाजी निवडत होत्या. मी विचारलं, तुमच्याबद्दल लोकांना सांगितलं तर चालेल का? बाहेरगावचे लोक येतील. त्यांना प्रश्नात अवघड काही दिसलं नाही. येऊ देत की, म्हणाल्या. मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, ‘ओंदूवरे मेले बन्नी अन्नी.’ दीडनंतर या म्हणावं. साडेबारा ते दीड कारखान्याची मुलं असतात, त्यांना मी नाही म्हणू शकत नाही, आणि तुम्हालाही उठा म्हणू शकत नाही.

शेवटच्या वाक्याने मी खाली बघितलं. म्हणजे काल त्यांनीही पाहिलं होतं. मला कृती सांगताना त्यांचं लक्ष दाराकडे होतं, आणि मी समजत होते आमच्या छान गप्पा चालल्या आहेत.

परक्या गावातली चांगली जागा शोधायची युक्ती मी वर सांगितली, ती अजूनही सांगेन. त्यात एका प्रश्नाची भर घालायला हवी. ‘तुम्ही कुठे जेवता?’ हे विचारून झालं की ‘किती वाजता?’ हेही विचारावं, आणि ती वेळ सोडून जावं. हा काही मोठा नीतिनियम नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाकडे पैशांखेरीज दुसरी एकच गोष्ट इतरांपेक्षा जास्त असते, ती म्हणजे वेळ. तेवढी त्याला देता येते.

मैत्रिणींना पत्ता कळवला, वेळेसकट. त्या दुपारी आम्ही पावणेदोनला गेलो. टेबलं रिकामी होती, बाई स्वतः जेवायला बसत होत्या. मुद्दे संपला होता, बस्सारुही संपलं होतं. भात होता आणि ताक होतं. आईने ताकभात कालवला, बाईंनी आपल्या ताटातलं लोणचं तिला वाढलं, आणि दोघी निपाणीच्या तंबाखूबद्दल काहीतरी बोलत राहिल्या. त्यातलं निम्मं मला कळलं नाही.