फळ कुणाच्या पदरात?

फळावर डोळा ठेवून कर्म करू नये, हे लहानपणापासून ऐकत आलेय. आणि माझं पोट ज्या तक्त्यावर चालतं, त्याचा शेवटचा रकाना 'रीच'चा, म्हणजे मजकूर किती जणांपर्यंत पोचला याचा आहे.

साताऱ्यात उपवासाची पिठं विकणाऱ्या एका बाईंसाठी मी लिहिते. आषाढी एकादशीचा मजकूर ज्येष्ठ लागतानाच ठरतो. वरीच्या तांदळाची पोस्ट कधी, राजगिऱ्याच्या थालीपिठाचा व्हिडिओ कधी, शीर्षकात कोणते शब्द. असं आखून लिहिणं म्हणजे सकाम कर्म, खरं लेखन आपोआप उमटतं, असं मानणारे माझ्या घरातच आहेत. मला ते पटत नाही, आणि माझ्या बाजूने साक्षीला समर्थ रामदास आहेत. (सातारकरणीचा पक्षपात म्हणा हवं तर.)

दासबोध उघडला की पहिल्याच समासात श्रोते विचारतात, हा ग्रंथ कोणता, यात आहे काय, ऐकून मिळणार काय. मजकूर लिहायला शिकवणाऱ्या वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगतात, फक्त फी घेऊन. पुढे 20 दशक, प्रत्येकात 10 समास. एवढी बांधणी आपोआप उमटत नसते. 19व्या दशकाचा पहिला समास तर निव्वळ लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, मोकळं हवं. ओळी सरळ, शाई काळी. ग्रंथ संपेपर्यंत वळण एकच. पानाच्या कडांना कोरी जागा सोडायची, म्हणजे कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागत नाही. ब्रह्मज्ञान सांगायला बसलेला माणूस कागदाच्या कडांची काळजी करतो, ती पुढे कधीतरी ती पोथी हातात घेणाऱ्यासाठी. फळाचा विचार इथे पुरेपूर आहे. ते पडायचं मात्र वाचणाऱ्याच्या पदरात.

'उपवासाला हळद चालते का' हे लोक शोधतात. आमच्या धंद्यात याला कीवर्ड म्हणतात. मला त्यात एखादी नवी सून दिसते, सासूला विचारायची चोरी असलेली. तिला मी सरळ लिहिलं की घरोघरी रिवाज वेगळा, तुमच्याकडे काय चालतं ते विचाराच. आणि भीती वाटू नये म्हणून हेही लिहिलं की बटाटा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. उपवासाला काय चालतं याची यादी आपल्याच आज्या-पणज्या बदलत आल्या. बाई घाबरल्या. "ताई, लोक साबुदाणा सोडतील हो!" साबुदाणा कोण सोडतंय!

भांडण झालं ते दुसऱ्याच ओळीवरून. 'ही पोस्ट दहा जणांना पाठवा, विठुराया पावेल.' आकडा नक्की वाढला असता. पण त्यात वाचणाऱ्याला मिळणार काय, तर न पाठवल्याची धाकधूक. सकाम म्हणायचंच तर मी याला म्हणेन. ती ओळ मी काढायला लावली.

पैशाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. जिथे कीर्तन करावं तिथे जेवूही नये, असा तुकोबांचा दंडक. कीर्तन आणि पिठाची जाहिरात यांत अंतर आहे, असं मी स्वतःला समजावते. परवा बाईंनी मानधनासोबत शिंगाड्याच्या पिठाचा पुडा हातात ठेवला. तोही मी घेतला, आणि शिरा चांगला झाला.