खडक नसलेल्या गावी

गेल्या उन्हाळ्यात सुरतेतील आमच्या मराठी शब्बाथशाळेत मी दोन घरे बांधणाऱ्यांचा दाखला शिकवीत होतो. दाखला मुलांना तोंडपाठ होता. तेवढ्यात लिंबायतहून येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमचे घर बांधायला काढले आहे. चर खणला, पण खडक लागतच नाही. नुसती काळी माती. मग आम्ही मूर्ख ठरलो का?" मुले हसली. मी मात्र निरुत्तर झालो.

मुलाचे म्हणणे खरे होते. सुरत वसली आहे ती तापीने आणून टाकलेल्या गाळावर. आपल्यापैकी पुष्कळजण खानदेशातून पोटासाठी येथे आले. आपल्या गावची माती आपल्या आधीच येथे येऊन राहिली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. काळी माती कपाशीला चांगली, घराला मात्र वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पाया तिच्याबरोबर दरवर्षी वरखाली होतो व खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरपी चीर जाते. म्हणून जाणता कडिया, म्हणजे आपला गवंडी, खडकाची वाट पाहत बसत नाही. तो चर रुंद व खोल घेतो, निघालेली काळी माती पुन्हा आत लोटत नाही, मुरूम किंवा रेती थराथराने पसरून, पाणी मारून धुम्मसाने चोपतो. मोठ्या कामाला रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने प्रचारात आणलेले, तळाशी कांद्यासारखे फुगवलेले काँक्रीटचे खुंट घालतात. ते साधारण साडेतीन मीटर खाली, जेथे मातीचा ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही तेथवर नेतात. जुन्या लाकडी घरांत तर सागाचा खांब जमिनीत पुरतच नसत. ओल आणि वाळवी वर चढू नये म्हणून तो दगडी तळखड्यावर उभा करीत.

घरी येऊन मी दोन्ही शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली. मत्तयाच्या वृत्तांतात खडक आणि वाळू आहे. लूक मात्र शहाण्या मनुष्याने खोल खणल्याचे सांगतो. आणि दुसऱ्याची चूक तेथे वाळूची नव्हे, तर पाया न घालता मातीवरच घर उभे केल्याची आहे. पुढच्या रविवारी मी मुलाला एवढे सांगितले. त्याचे समाधान झाले असावे. माझे झाले होते. पण त्याचे घर पाहावयास गेलो, आणि खरा प्रश्न तेथे भेटला.

पाया उत्तम झाला होता. जोते गल्लीपासून साडेतीन फूट उंच. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा मुलाचे वडील दोन रात्री पत्र्यावर बसून होते. शिवाय लिंबायतच्या लोकांना मिठी खाडीचा धाक पावसाळ्यात असतोच. तेव्हा उंच जोत्याचा त्यांचा हट्ट मला कळत होता. पण भिंतीला लागून एका वृद्ध मावशींचे घर आहे आणि त्याचे जोते जेमतेम फूटभर. नव्या गच्चीचे आणि भरणीवरून उतरणारे सगळे पाणी मावशींच्या भिंतीच्या मुळाशी जाणार हे उघड दिसत होते. मी तसे म्हटले. बंधू म्हणाले, "सर, माझ्या जागेत, माझ्या पैशाने बांधतो आहे. पाण्याला उतार मी थोडाच दिला? तो देवाने दिला."

या उत्तराला चटकन नाही म्हणता येत नाही. दाखल्यातील दोन घरे एकमेकांपासून कोठे होती, हे आपल्याला सांगितलेले नाही. एकाचे पाणी दुसऱ्याकडे गेले की काय, हा प्रश्नच तेथे नाही. लिंबायतच्या गल्लीत मात्र भिंतीला भिंत आहे, आणि काळी माती मोजणीची हद्द ओळखत नाही. मावशींच्या पायाशी मुरलेले पाणी केवळ त्यांची फरशी ओली करणार नाही. त्यांची माती फुगवील आणि भिंत हलवील. पाण्यापासून स्वतःस वाचवणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. परंतु आपण टाळलेले नुकसान दुसऱ्याच्या अंगावर पडते हे डोळ्यांना दिसत असताना त्याला उतार म्हणावे का? मला तरी ते पटत नाही. एकाने जोते उचलले की सारी गल्ली उचलते, वरून डांबराचे थरही चढत जातात, आणि शेवटी खड्ड्यात कोण राहते, तर ज्याच्याजवळ पैसा नाही तो. शहाणपण जर एवढेच असेल, तर प्रभूने वाखाणलेला मनुष्य हा नव्हे.

मी त्यांना जोते उतरवा असे म्हटले नाही. म्हणणे योग्यही झाले नसते. गच्चीचे पाणी नळीने खाली घेऊन, दोन्ही भिंतींच्या मध्ये विटांचे पक्के गटार बांधून ते गल्लीच्या नाल्यात सोडता येईल, एवढे कडियाला विचारून घेतले. खर्च ऐकून बंधू गप्प झाले. आठ दिवसांनी निरोप आला की बैठकीच्या खोलीची चकचकीत फरशी रद्द, साधी कोब्याची जमीन करणार.

गटार पहिल्या पावसाआधी पुरे झाले. मावशी दारात येऊन बराच वेळ ते पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "हे बरे केलेत दादा, पण याच्यातला गाळ दरसाल काढणार कोण?" ते अजून ठरावयाचे आहे.