इंग्लंडमध्ये शिकणं आणि इंग्लंड शिकणं

यॉर्कमधल्या सुपरमार्केटातून बाहेर पडताना दाराजवळ एक मोठी टोपली दिसायची. तिच्यात उकडलेल्या बीन्सचे डबे, पास्त्याची पाकिटं, चहाची पुडकी, कधी लहान मुलांचे डायपर असत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, गिऱ्हाइकांनी नको म्हणून परत ठेवलेला माल असेल. दुसऱ्या आठवड्यात पाटी वाचली. ज्यांच्या घरात महिनाअखेरीला खायला उरत नाही, अशा कुटुंबांसाठी लोक आपल्या खरेदीतलं थोडं त्या टोपलीत ठेवून जात होते. ही पद्धत तिथे आता इतकी रुळली आहे की टोपलीकडे कुणी थांबून बघतही नाही. मी मात्र बराच वेळ थांबले. इंग्लंडमध्ये सोन्याचा धूर निघतो असं आमची आजी म्हणायची. अर्थशास्त्रात पदवी घेऊनही माझ्या मनातलं इंग्लंड आजीच्या इंग्लंडपेक्षा फारसं वेगळं नव्हतं, हे मला त्या टोपलीपाशी कळलं.

२०१८ च्या सप्टेंबरअखेरीस मी तिथे एका सत्रासाठी गेले होते. सहा महिन्यांचा विद्यार्थी व्हिसा, नोकरी करायला मनाई, आणि दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली आणि डिसेंबरात तर पावणेचारलाच अंधार पडू लागला. थंडी, एकटेपणा, स्वतः रांधलेला कच्चा-पक्का भात, या साऱ्याविषयी परदेशी शिकून आलेल्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला सांगायचं आहे ते वर्गातलं.

आमच्या चर्चावर्गात बाराजण होतो. विषय होता दारिद्र्य आणि समाजकल्याण. भारताचा उल्लेख निघाला की बाकीच्या अकराजणांच्या माना माझ्याकडे वळत. मग मी बोलायचे. विदर्भातल्या कापसावर, रेशनवर, बिहारवर, तामिळनाडूवरसुद्धा. यातलं बिहार मी पाहिलेलं नव्हतं. तरीही माझं बोलणं साक्ष म्हणून ऐकून घेतलं जाई. उलट ब्रिटनमधल्या गरिबीवर चर्चा सुरू झाली की मी गप्प बसायचे. कुणी माझ्याकडे बघत नसे, हे तर झालंच. पण मला स्वतःलाही वाटत नसे की या देशाबद्दल काही विचारण्याचा मला हक्क आहे. मी भारताची साक्षीदार होते आणि इंग्लंडची पाहुणी. अभ्यासक या दोन्हींपैकी कुठेच नव्हते.

हा प्रकार माझ्या एकटीचा नाही. आपल्याकडून मुलं इंग्लंडमध्ये शिकायला जातात. इंग्लंड शिकायला सहसा कुणी जात नाही. पद्धती, सिद्धांत, पदवी हे सारं तिथून आणायचं आणि इथल्या वस्तुस्थितीला लावायचं, असा आपला शिरस्ता आहे. म्हणजे सिद्धांत त्यांचा आणि उदाहरणं आपली. तो सिद्धांत कुठल्या गल्लीत, कोणाच्या घरात डोकावून तयार झाला, हे पाहावंसं वाटत नाही.

यॉर्कमध्ये ती गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर होती. सीबोम राउनट्री हा तिथल्या चॉकलेट कारखानदाराचा मुलगा. १८९९ मध्ये त्याने आपल्याच शहरातल्या कामकरी वस्तीची घरोघर पाहणी करवली. ११,५६० कुटुंबं, ४६,७५४ माणसं. माणसाला जगायला किती अन्न लागतं, त्याला किती पैसे पडतात, याचा हिशेब मांडून त्याने एक रेषा आखली. नवरा, बायको आणि तीन मुलं असतील तर आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स. १९०१ मध्ये पुस्तक निघालं, त्यात आकडा होता २७.८४ टक्के. शहरातली चौथ्या हिश्श्याहून जास्त माणसं गरिबीत होती. त्याची रेषा किती कडक होती, हे सांगताना त्याने जी यादी दिली आहे ती वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते. या पैशांत बसभाडं धरलेलं नाही, वर्तमानपत्र धरलेलं नाही, परगावी असलेल्या मुलाला पत्र लिहायला लागणारं टपालसुद्धा धरलेलं नाही. त्या संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलले, तेव्हा ते टपाल डोळ्यांसमोरून हलेना.

आणि साल बघा. १८९९-१९०० मध्ये मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ होता. आपली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. ज्या साम्राज्याच्या तिजोरीतून त्यांना पोटापुरतीही मजुरी धड मिळत नव्हती, त्याच साम्राज्याच्या घरात यॉर्कच्या सर्वांत गरीब वस्तीत चारांतलं जवळपास एक मूल वर्षाचं होण्याआधी दगावत होतं. साम्राज्याची मिळकत गेली कुठे, हा प्रश्न मग फक्त आपला राहत नाही.

१९०१ मध्येच लंडनहून आणखी एक पुस्तक निघालं होतं, दादाभाई नौरोजींचं. एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेला हा माणूस १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेला होता. तुरुंगातल्या कैद्याला काय खायला मिळतं, यावरून हिंदी माणसाला जगायला किमान किती लागेल याचा हिशेब त्यांनी राउनट्रीच्या कितीतरी आधी, १८७० च्या दशकातच मांडला होता. हिंदुस्थानातलं दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांनी काढलं ते २० रुपये. कैद्याइतकंही स्वतंत्र रयतेला मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या वर्गातल्या वाचनयादीत राउनट्री होता, नौरोजी नव्हते. मी शिक्षिकेला हे सांगितलं. त्यांनी लगेच मान्य केलं आणि पुढच्या आठवड्यात त्यावर मलाच बोलायला लावलं. ती पंधरा मिनिटं माझ्या सत्रातली सर्वांत चांगली होती. त्या दिवशी मी साक्ष दिली नाही. मांडणी केली.

राउनट्रीचं पुस्तक घेऊन मी हंगेटला गेले. राउनट्रीच्या काळात ही यॉर्कमधली बदनाम झोपडवस्ती होती, १९३० च्या दशकात ती पाडली गेली. आता फॉस नदीच्या काठी तिथे नव्या सदनिकांच्या इमारती आहेत आणि त्या उभ्या राहण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी तिथे कित्येक वर्षं उत्खनन केलं. रोमन आणि व्हायकिंग थरांबरोबर विसाव्या शतकातल्या गरिबांच्या घरांचे पायेही त्यांनी तितक्याच निगुतीने नोंदवले, हे मला फार आवडलं. आपल्याकडे पाडलेल्या चाळीचा पाया कोण नोंदवतं?

परतताना बसथांब्यावर एक आजीबाई भेटल्या. तिकडे अनोळखी माणसालाही ‘लव्ह’ म्हणतात, तसं म्हणून त्यांनीच बोलणं काढलं. त्यांनी उमेदीची वर्षं राउनट्रीच्या कारखान्यात चॉकलेटं डब्यांत भरण्यात घालवली होती. त्यांची आईही तिथेच होती. कारखान्याचा डॉक्टर होता, दातांचा डॉक्टर होता, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. वाऱ्याची दिशा बरोबर असली की शहरभर अजूनही चॉकलेटचा वास पसरतो. त्या दिवशी तो होता. मग त्यांनी विचारलं, तुझ्या गावी काय बनतं? मी म्हटलं, इचलकरंजी, कापड, यंत्रमाग. त्यांनी पुढे विचारलं, मागावरच्या कामगाराला आठवड्याला काय मिळतं? मला सांगता येईना. आमच्या घरामागच्या शेडमध्ये रात्रभर माग चालत. त्या खडखडाटात मी अभ्यास केला, झोपले, मोठी झाले. आणि कापडाच्या एका मीटरमागे कामगाराला किती पैसे पडतात हे एका चॉकलेट भरणाऱ्या बाईने मजुरी विचारेपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं.

इंग्रजांनी आपल्याला किती बारकाईने पाहिलं! जेम्स कॅम्बेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड उघडावेत. पुणे, नाशिक, सातारा, कुठल्या समाजाच्या घरात कोणती भांडी असतात, लग्नात किती खर्च होतो, मजुरी काय, पीक काय, सगळं नोंदलेलं आहे. त्यामागे राज्य करण्याचा हेतू होता आणि त्या नोंदींतले पूर्वग्रह जागोजागी बोचतात. पण पाहण्याची मेहनत होती. ती मेहनत उलट दिशेने आपण किती केली? पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज आणि चेल्टनहॅम इथे राहिल्या, तिथून पुढे अमेरिकेला गेल्या. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथली राज्यपद्धती, शाळा, स्त्रियांच्या संस्था, आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर नि काळ्या लोकांवर झालेला अन्यायसुद्धा त्यात आहे. रमाबाई तिथे दिपून गेल्या नाहीत आणि नाक मुरडूनही बसल्या नाहीत. एक देश समोर ठेवून त्यांनी तो वाचला आणि आपल्या भाषेतल्या बायकापुरुषांना समजावून सांगितला. सव्वाशे वर्षांनंतर, विमानाने नऊ-दहा तासांत पोचणाऱ्या आमच्या पिढीकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवते.

असं शिकून आलेला माणूस इथेही वेगळं काम करतो. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले. पुढे पुण्यात गोखले संस्थेत त्यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून घेतली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. याच संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये आला. त्यांची दारिद्र्यरेषा होती माणशी रोज २२५० उष्मांक, म्हणजे १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. मी हे आकडे परीक्षेसाठी पाठ केले होते. हंगेटहून परतल्यावर मला त्या १५ रुपयांतही टपाल शोधावंसं वाटलं.

परत आल्यावर एक गोष्ट मनाला लागली. तिथे घेतलेल्या तीन विषयांपैकी दोनांचे श्रेयांक माझ्या इथल्या संस्थेने धरले, तिसऱ्याचे धरले नाहीत. तो तिसरा विषय ब्रिटिश समाजधोरणाचा होता. आमच्या अभ्यासक्रमात त्याला समांतर पेपर नाही, असं मला सांगण्यात आलं. नियमाने ते बरोबर असेल. पण मला वाटतं, नेमकं तेच तर चुकतं आहे. इंग्रजांचं अर्थशास्त्र आपल्या अभ्यासक्रमात बसतं, इंग्रज माणसाचं पोट बसत नाही. मी तो पेपर इथल्या तोंडी परीक्षेत पुन्हा मांडला, गुण मिळाले नाहीत, आणि तरीही त्या सत्रातलं तेच मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं. पुढे इचलकरंजीच्या माग-कामगारांवर जो प्रबंध लिहिला, त्याची प्रश्नावली मी राउनट्री उघडून ठेवून केली. पहिला प्रश्न मीटरच्या दराचा होता.

येत्या सप्टेंबरात तुमच्या घरातलं कुणी तिकडे जाणार असेल, तर त्याच्या बॅगेत एक कोरी वही ठेवा. जिथे राहील त्या गावातलं खोलीचं भाडं, बसचं तिकीट, रात्रपाळीला कोण जातं, टोपलीत काय पडतं, हे त्याला रोज लिहायला सांगा. यॉर्कला जाणाऱ्याने तिथल्या विद्यापीठाच्या बोर्थविक अभिलेखागारात आधी कळवून जावं. राउनट्री कारखान्याची कागदपत्रं तिथे जपून ठेवली आहेत. आणि वही मराठीत लिहावी, म्हणजे ती आजीलाही वाचता येईल.