वरून मारलेलं सिमेंट

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ६



आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलची काँक्रीटची कड सध्या फोडताहेत. दोन वर्षांत तिला दोनदा वरून सिमेंट मारलं होतं, आणि दोन्ही मीटिंगमध्ये माझाही हात वर होता. स्वस्तात सुटलो असं वाटलं. गेल्या महिन्यात तिथंच एका लहान मुलीचा पाय कापला, तेव्हा मिस्त्रीला बोलावलं.

त्याने हातोडीने ठोकत पूलला फेरी मारली. धड दिसणारी कड बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजली. पाणी झिरपून आतली सळई गंजली होती. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. वरून कितीही लिंपा.

फोडायची पद्धत बघण्यासारखी आहे. पाणी थोडं खाली घेतलं, पण सगळं उपसलं नाही. पाऊस नुकताच सरलाय. रिकाम्या पूलला मातीतलं पाणी खालून वर ढकलू शकतं. मग कटरने सांध्यावर रेघ मारली, म्हणजे हादरा खालच्या भिंतीला आणि टाइल्सना जात नाही. त्यानंतर छोटा ब्रेकर, थोडं थोडं. सळईच्या मागेही बोटभर खोदलं.

"किती फोडायचं?" मी विचारलं.

"चांगलं लोखंड दिसेपर्यंत साहेब. त्याच्या पुढे नाही."

संध्याकाळी श्लोक उघडला. कर्मेंद्रियं आवरून बसलेला, पण मनात विषयच घोळवणारा, त्याला भगवान मिथ्याचारी म्हणतात. (तिथे इंद्रियांचे विषय आहेत, शेताची वाटणी नाही, हे मान्य. पण माझ्या मनात घोळतं ते तेच.) वाणी हेही कर्मेंद्रियच. वाटणीवरून दादाशी बिनसलं त्याला चार वर्षं झाली. मी एक शब्द उलटा बोललो नाही, दर दिवाळीला फोन करतो, तब्येत विचारतो, आणि यालाच संयम समजत होतो. फोन ठेवला की रात्रभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडतो. पुढच्याच श्लोकात भगवान इंद्रियं आवरायला सांगतात, पण मनाने. मी नुसतं तोंड आवरलं होतं.

आणि सगळंच फोडायचं नाहीये. माझ्या इंजिनिअरिंगची फी दादानेच भरली होती. ती सळई अजून शाबूत आहे.

उद्या रविवार. दादा सकाळी घरी असतो. या वेळी वाटणीचा विषय मीच काढणार आहे.